सागरी प्रवाहांचे डिजिटल नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगभरातल्या सागरी प्रवाहांचे मार्ग नकाशावर कसे आणतात, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भूगोलाचे शिक्षक विचारतात, जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) शिकणारी मुलं विचारतात, समुद्रावर जाणारी माणसंही विचारतात. म्हणून सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड होत जातात. तेच उत्तर पुन्हा द्यावं लागू नये यासाठी मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक सवय मात्र आधीच लावून घ्या. प्रवाहाचा बाण दिसला की तो किती खोलीवरचा, कोणत्या महिन्यातला आणि किती काळाच्या सरासरीचा, हे विचारायचं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक शंका या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

१. लाट, भरती-ओहोटी आणि प्रवाह यांत फरक काय? पाणी तर तिन्हींत हलतं.

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पण पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. तरंगणारा नारळ लाटेसरशी वर-खाली होतो, लाटेच्या वेगाने पुढे जात नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी साधारण सहा तास चढतं आणि पुढचे सहा तास उतरतं. प्रवाह म्हणजे आठवडे, महिने किंवा वर्षानुवर्षं एका दिशेने चाललेलं पाणी. वरच्या थरातल्या पाण्याला मुख्यतः वारा ढकलतो. खोलवरचं पाणी तापमान आणि क्षारता यांमुळे पडणाऱ्या घनतेच्या फरकाने चालतं. पृथ्वीच्या परिवलनामुळे दोन्ही वळतात, उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे.

२. ‘प्रवाहाचा नकाशा’ आणि ‘मार्गाचा नकाशा’ एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला की पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. पुलावर उभं राहून खालचं पाणी कुठे आणि किती वेगाने जातंय हे मोजणं म्हणजे प्रवाहाचा नकाशा. होडीत बसून पाणी नेईल तिथे जाणं म्हणजे मार्गाचा नकाशा. नदीला काठ असतात, त्यामुळे तिथे दोन्ही जवळपास सारखे येतात. महासागरात शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे सतत तयार होतात आणि विरतात. एकाच जागी, एकाच दिवशी सोडलेली दोन तरंगणारी यंत्रं काही महिन्यांनी हजार किलोमीटर अंतरावर सापडू शकतात. म्हणून खरा मार्गनकाशा एका रेषेचा नसतोच. हजारो रेषा एकावर एक काढायच्या आणि त्या कुठे दाट होतात ते पाहायचं. शाळेच्या भिंतीवरचा जाड बाण म्हणजे त्या दाटीचा मध्य. सगळं पाणी त्या बाणावरून जातं असं समजू नका.

३. उपग्रह नव्हते तेव्हा लोकांना प्रवाह कळले कसे?

जहाज चुकायचं, त्यावरून. वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून खलाशी आपण कुठे असू याचा हिशेब मांडत. मग सूर्य-तारे आणि क्रोनोमीटर (समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ) यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष स्थान काढत. दोन्हींत जो फरक पडे तो प्रवाहाचा, असं धरलं जाई. चोवीस तासांत जहाज हिशेबापेक्षा चाळीस किलोमीटर पूर्वेला गेलं असेल, तर पाणी तितकं पूर्वेकडे वाहिलं.

१७६९च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचं टपाल सांभाळत होते. टपालाची जहाजं इंग्लंडहून यायला व्यापारी जहाजांपेक्षा दोन आठवडे जास्त का घेतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. नॅन्टकेट बेटावरचे त्यांचे नातेवाईक, देवमाशांच्या शिकारीवर जाणारे कप्तान टिमोथी फोल्जर, यांना उत्तर ठाऊक होतं. टपालजहाजं गल्फ स्ट्रीमच्या अंगावर चालून येत होती. फोल्जर यांनी तो प्रवाह नकाशावर काढून दिला.

त्यानंतरचं नाव आपल्या भागाशी जोडलेलं आहे. बंगालचे सर्व्हेअर जनरल राहिलेले मेजर जेम्स रेनेल यांची ओळख भारताच्या नकाशामुळे आहे. पण निवृत्तीनंतर त्यांनी कित्येक वर्षं जहाजांच्या नोंदी गोळा करून अटलांटिकचे प्रवाह मांडले. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापलं गेलं. १८४७ पासून अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. कप्तानांनी प्रवासाच्या नोंदी पाठवायच्या आणि बदल्यात वारे-प्रवाहांचे नकाशे फुकट घ्यायचे. आज ज्याला आपण लोकसहभागातून माहिती गोळा करणं म्हणतो, ते तेव्हा कागद आणि शाईवर चाललं होतं.

या पद्धतीत एक दोष आहे. वारा जहाजाच्या शिडालाही ढकलतो, आणि तो सगळा रेटा प्रवाहाच्या खात्यात जमा होतो.

४. त्या जुन्या नोंदवह्या आता डिजिटल करतात म्हणजे नेमकं काय करतात? स्कॅन केलं की झालं ना?

स्कॅन ही पहिली पायरी, आणि सगळ्यांत सोपी. खरं काम त्यानंतर सुरू होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं वळणदार हस्ताक्षर संगणकाला भरवशाने वाचता येत नाही. माणसंच ते वाचून तक्त्यात भरतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात सामान्य लोकांनी घरी बसून पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या वह्या उतरवल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या, १७८९ ते १८३४ या काळातल्या सुमारे ९०० नोंदवह्याही अशाच डिजिटल झाल्या आहेत. लंडनहून मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि चीनकडे जाणाऱ्या जहाजांचा रोजचा वारा, तापमान, हवेचा दाब त्यांत आहे. आपल्या समुद्राबद्दल इतकी जुनी आणि इतकी सलग माहिती दुसरीकडे क्वचितच मिळेल.

उतरवून झाल्यावर आकडे दुरुस्त करावे लागतात. चार अडचणी नेहमीच्या.

पहिली तारखेची. जुन्या जहाजांवरचा दिवस मध्यरात्री बदलत नसे, दुपारी बाराला बदलत असे. आपल्या पाच तारखेची दुपार त्या वहीत सहा तारीख म्हणून येते. हे न ओळखता नोंद घेतली तर जहाज एक दिवस पुढे जातं.

दुसरी रेखांशाची. ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त म्हणून १८८४ च्या परिषदेत ठरलं. त्याआधी फ्रेंच जहाजं पॅरिसपासून मोजत, काही जण कॅनरी बेटांतल्या फेरोपासून, तर काही जण शेवटचा किनारा दिसला तिथपासून. पॅरिस आणि ग्रीनिच यांत २ अंश २० मिनिटांचा फरक आहे, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २६० किलोमीटर. शून्य कुठलं हे चुकलं तर अख्खा प्रवास तेवढा सरकतो, आणि कधीकधी जहाज जमिनीवरून चाललेलं दिसतं. खरं तर जमिनीवर गेलेलं जहाज ही चूक पकडायची उत्तम खूण आहे.

तिसरी होकायंत्राची. नोंदलेली दिशा चुंबकीय असेल तर त्या वर्षीचं, त्या जागेचं चुंबकीय विचलन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) काढून ती खऱ्या उत्तरेशी जुळवावी लागते.

चौथी शब्दांची. वाऱ्याचा जोर आकड्यात लिहायची पद्धत रुळण्यापूर्वी खलाशी तो शब्दांत लिहीत, आणि प्रत्येक भाषेत ते शब्द वेगळे. १७५० ते १८५० या शतकातल्या नोंदींवर काम करणाऱ्या क्लिवॉक प्रकल्पाला त्यासाठी इंग्रजी, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश खलाशी शब्दांचा स्वतंत्र कोश तयार करावा लागला. मला या सगळ्या खटाटोपात तो कोश सर्वांत मोलाचा वाटतो. तो नसता तर हजारो नोंदी नुसतीच अक्षरं राहिल्या असत्या.

५. माझ्याकडे जुन्या छापील नकाशाचं स्कॅन आहे. त्यावरचे बाण क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवले तर चालतील का?

चालतील, पण आधी नकाशाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) ओळखा आणि कागदभर पसरलेले, अक्षांश-रेखांश पक्के माहीत असलेले बिंदू धरून स्कॅन जागेवर बसवा. फक्त चार कोपरे धरू नका. कागद दमटपणाने सगळीकडे सारखा आकसत नाही.

मग बाणाची लांबी वाचा. काही नकाशांत ती वेग सांगते, काहींत जाडी वेग सांगते, आणि पुष्कळ शालेय नकाशांत लांबी-जाडी केवळ दिसायला ठेवलेली असते. सूचीत खुलासा नसेल तर वेगाचा रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या माणसाला मोजलेला वाटतो.

आणखी एक चूक वारंवार दिसते. दोन बाणांची सरासरी काढताना अंशांची बेरीज करून दोनाने भागू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही बाण जवळपास उत्तरेकडे. त्यांची सरळ सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण! प्रत्येक बाणाचा पूर्व-पश्चिम घटक आणि उत्तर-दक्षिण घटक वेगळा काढा, त्यांची सरासरी घ्या, आणि शेवटी दिशा काढा.

६. आज समुद्रातलं पाणी मोजतात कशाने?

पृष्ठभागासाठी ड्रिफ्टर. पाण्यावर एक गोळा तरंगतो आणि त्याखाली, १५ मीटर खोलीवर, कापडी नळीसारखा पडदा लटकतो. पडदा पाण्याबरोबर वाहतो आणि गोळा उपग्रहाला जागा कळवतो. जगभर असे १२५० ड्रिफ्टर ठेवायचं उद्दिष्ट २००५ मध्ये गाठलं गेलं. पडदा तुटला की उरलेला गोळा वाऱ्याने पळतो. एका काळात पडदा तुटल्याचं नीट ओळखू येत नव्हतं, त्यामुळे प्रवाहांचा वेग वाढल्याचा भास झाला. नंतर ते आकडे पुन्हा तपासून दुरुस्त केले गेले. म्हणून डेटा उतरवताना पडदा असलेला काळ आणि नसलेला काळ वेगळा काढा.

आतल्या थरांसाठी आर्गो फ्लोट. हे यंत्र १००० मीटर खोलीवर दहा दिवस वाहत राहतं, मग २००० मीटरपर्यंत उतरतं आणि वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं. २००७ मध्ये अशा यंत्रांची संख्या ३००० झाली, आता ती ४०००च्या आसपास आहे. त्यात भारताने सोडलेले फ्लोटही आहेत, आणि हिंदी महासागरातल्या आर्गो नोंदींचं प्रादेशिक केंद्र हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत आहे.

७. उपग्रहाला वरून पाणी वाहताना दिसतं का?

दिसत नाही. त्याला उंची कळते, आणि उंचीवरून प्रवाह काढतात. १९९२ मध्ये गेलेला टोपेक्स-पोसायडन १३३६ किलोमीटरवरून रडारचा झोत सोडून समुद्रपृष्ठाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजत होता. गल्फ स्ट्रीमच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे एक मीटर उंच असतं, तेही शंभरेक किलोमीटरच्या अंतरात. पाणी त्या उतारावरून सरळ खाली जात नाही. परिवलनामुळे वळून ते उताराला आडवं, समान उंचीच्या रेषांना धरून वाहतं. उंचीचा उतार जितका तीव्र तितका वेग जास्त.

यातली खरी गुंतागुंत गुरुत्वाकर्षणाची. समुद्राचं पृष्ठ मुळातच सपाट नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे, कारण तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे. पण पाणी चहूबाजूंनी त्या खड्ड्यात वाहत जात नाही. गुरुत्वाच्या दृष्टीने तीच तिथली ‘सपाटी’ आहे. प्रवाहाची खूण त्या सपाटीवर एखाद-दोन मीटरची असते, म्हणून आधी सपाटीचाच अचूक नकाशा हवा. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस आणि गोचे या उपग्रहांनी तो दिला.

२५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला सरल हा इस्रो आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा याच कामाचा उपग्रह. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट एका रेषेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा मोजतो, त्यामुळे पूर्वी निसटणारे लहान भोवरेही आता दिसतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. विषुववृत्तावर परिवलनाचा हा परिणाम शून्य होतो, त्यामुळे उंचीवरून वेग काढायचं साधं सूत्र तिथे चालत नाही.

८. नकाशावर वारा नैऋत्येचा आणि प्रवाह आग्नेयेचा लिहिलाय. म्हणजे दोन्ही कुठून कुठे?

वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून, प्रवाहाचं तो जिकडे जातो त्यावरून. नैऋत्येचा वारा नैऋत्येकडून येतो. आग्नेयेचा प्रवाह आग्नेयेकडे जातो. दोन्ही एकाच तक्त्यात असले आणि हे विसरलं तर सगळे बाण १८० अंशांनी उलटतात. डेटा फाइलच्या माहितीत कोणता संकेत वापरला आहे हे दिलेलं असतं, ते आधी वाचा.

९. आणि वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे, असं का?

फ्राम जहाज १८९३ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून नॉर्वेचे संशोधक नान्सेन वाहत निघाले, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे कलून जातो हे त्यांनी पाहिलं. स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. वरच्या थरातल्या पाण्याची एकूण वाहतूक उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात होते. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वारा किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे वाहतो तेव्हा वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं.

१०. लाल बाण म्हणजे वेगवान आणि निळा म्हणजे संथ का?

शालेय नकाशात लाल म्हणजे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उष्ण, निळा म्हणजे थंड. वेगाशी संबंध नाही. संगणकावरच्या नकाशांत रंग बहुतेकदा वेगच दाखवतो. रंगपट्टी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

११. शाळेच्या पुस्तकात अरबी समुद्राच्या भारताकडच्या बाजूला बाण दक्षिणेकडे आहे, संकेतस्थळावर उत्तरेकडे. बरोबर कोण?

बहुधा दोघंही. तुम्ही संकेतस्थळ हिवाळ्यात उघडलं असणार.

अटलांटिक आणि पॅसिफिकमधले मोठे प्रवाह वर्षभर साधारण एकाच दिशेने जातात. उत्तर हिंदी महासागरात वारेच वर्षातून दोनदा उलटतात, आणि त्यांच्याबरोबर प्रवाहही. सोमालियाच्या किनाऱ्याने पावसाळ्यात पाणी उत्तरेकडे, सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतं. हिवाळ्यात तेच दक्षिणेकडे जातं. अरब खलाशांना हे शतकानुशतकं माहीत होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला, आणि साधारण नोव्हेंबरपासून उत्तरेला जातो.

हिवाळ्यातली गोष्ट तर विशेष आहे. तेव्हाही किनाऱ्यावरचा वारा मुख्यतः उत्तरेकडूनच असतो, तरी प्रवाह त्याच्या विरुद्ध, उत्तरेला जातो. कारण स्थानिक वारा नाही, कारण बंगालच्या उपसागरात आहे. तिथल्या वाऱ्यांनी उठलेल्या, किनाऱ्याला चिकटून चालणाऱ्या लांबलचक तरंगांचा परिणाम श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतो. त्याबरोबर उपसागराचं कमी खारट पाणीही इकडे येतं. रत्नागिरीसमोरचं डिसेंबरचं पाणी समजून घ्यायला विशाखापट्टणमच्या समुद्राकडे पाहावं लागतं.

म्हणून या भागाचा वार्षिक सरासरीचा नकाशा वापरूच नका, असं मी आग्रहाने सांगतो. दोन उलटे बाण एकमेकांना खाऊन टाकतात आणि जिथे समुद्र सर्वांत जास्त हलतो तिथेच तो शांत दिसतो. महिन्यागणिक बारा नकाशे करा. ते शक्य नसेल तर निदान जुलै आणि जानेवारी असे दोन.

या समुद्राचं पद्धतशीर मोजमाप १९६०-६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत झालं. भारतीय नौदलाची आयएनएस किस्तना तीत होती. त्याच मोहिमेतून पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावला इथे आहे.

१२. ‘स्वेरड्रुप’ हे एकक डोक्यात बसत नाही. सोपं करून सांगा.

सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी म्हणजे एक स्वेरड्रुप. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय सुमारे १०५ टीएमसीचा, म्हणजे जवळपास ३०० कोटी घनमीटर. एक स्वेरड्रुपचा प्रवाह तो रिकाम्याचा काठोकाठ सुमारे पन्नास मिनिटांत भरेल. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाणारा प्रवाह ३२ स्वेरड्रुपच्या आसपास आहे. त्याला दीड मिनिट पुरेल. जगातल्या सगळ्या नद्यांचं मिळून समुद्रात येणारं पाणी जेमतेम १.२ स्वेरड्रुप, आणि अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाह १३० ते १७० स्वेरड्रुप.

१३. सगळ्या महासागरांतून फिरणारा तो ‘कन्व्हेयर बेल्ट’ खरंच तसा आहे का?

उत्तर अटलांटिकमध्ये पाणी थंड होऊन बुडतं, खोलवरून दक्षिणेकडे जातं, दुसऱ्या महासागरांत वर येतं आणि पृष्ठभागावरून परततं, हे खरं आहे. ते एकसंध पट्ट्यासारखं फिरतं, हे खरं नाही. वॉलेस ब्रोकर यांनी १९८७ मध्ये हे चित्र लोकांपुढे आणलं ते कल्पना समजावी म्हणून. ती इतकी छान समजली की लोक चित्रालाच नकाशा मानू लागले.

चित्रानुसार लॅब्राडोर समुद्रातून निघालेलं खोल पाणी अमेरिकेच्या किनाऱ्याला धरून दक्षिणेला जायला हवं. २००३ पासून तिथे खोलवर वाहणारे फ्लोट सोडून पाहिले. २००९ मध्ये निकाल आला: किनाऱ्याचा तो मार्ग सलग धरणारे फक्त ८ टक्के निघाले. बाकीचे महासागराच्या आतल्या भागात भरकटत गेले. पुढे, २०१४ पासून ग्रीनलंडच्या दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग लावली, तेव्हा पाणी बुडण्याच्या आणि वर येण्याच्या या उलथापालथीचा मोठा भाग लॅब्राडोर समुद्रात न होता ग्रीनलंडच्या पूर्वेला होतो असं दिसलं.

तरी ते चित्र फेकून द्या असं मी म्हणणार नाही. वर्गात पहिल्या दिवशी ते दाखवावं आणि दुसऱ्या दिवशी फ्लोटच्या रेषा दाखवाव्यात.

१४. इतक्या खोलवरचे मार्ग काढतात कसे? तिथे ड्रिफ्टर नाही, उपग्रह नाही.

१९५० च्या दशकात जॉन स्वॅलो यांनी ठरावीक खोलीवर लोंबकळत वाहणारा फ्लोट तयार केला. तो ध्वनीने आपली जागा सांगे. त्याच्याच मदतीने १९५७ मध्ये अटलांटिकच्या पश्चिम कडेचा खोल प्रवाह प्रत्यक्ष सापडला. हेन्री स्टोमेल यांनी तो तिथे असणार हे गणिताने आधीच सांगितलं होतं.

दुसरा उपाय पाण्यावरच्या खुणांचा. अणुचाचण्यांतून १९६०च्या सुमारास वातावरणात आलेलं ट्रिटियम आणि फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन पृष्ठभागावरून पाण्यात मिसळले. ते खोलवर सापडले तर ते पाणी अलीकडेच बुडालेलं आहे. फार जुन्या पाण्यासाठी किरणोत्सारी कार्बन वापरतात. उत्तर पॅसिफिकचं खोल पाणी सर्वांत जुनं आहे, त्याने पृष्ठभाग सोडून हजार वर्षांच्या घरात काळ लोटला आहे.

१५. गल्फ स्ट्रीम बंद पडणार अशी बातमी वाचली. खरं आहे?

बातम्यांमध्ये दोन गोष्टींची गल्लत होते. गल्फ स्ट्रीम मुख्यतः वाऱ्याचा प्रवाह आहे. वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर तो राहील. कमजोर होण्याची भीती आहे ती अटलांटिकच्या उलथापालथीची (प्रश्न १३). २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून ती सतत मोजली जाते. सरासरी १७ स्वेरड्रुपच्या आसपास आहे, पण पहिल्याच वर्षात ती ४ पासून ३५ पर्यंत हलली. अशा माहितीतून दीर्घकाळचा कल काढायला धीर लागतो. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार या शतकात ती कमजोर होण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ती अचानक कोसळणार नाही, असं तो मध्यम खात्रीने म्हणतो. ‘मध्यम खात्री’ हा शब्द मला चिंतेचा वाटतो, आणि तो बातमीत सहसा येत नाही.

१६. किनाऱ्यावर सापडलेली वस्तू कुठून आली हे उलटं शोधता येतं का?

वस्तू सुटल्याची जागा माहीत असेल तर पुढचा प्रवास बऱ्यापैकी सांगता येतो. १० जानेवारी १९९२ रोजी उत्तर पॅसिफिकमध्ये जहाजावरून कंटेनर पडून सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी समुद्रात गेली. बदकं, बेडूक, कासवं आणि बीव्हर. दहा महिन्यांनी ती अलास्कात सिटकाला लागू लागली. सुटण्याची जागा आणि तारीख पक्की होती, म्हणून कर्टिस एब्समायर आणि जेम्स इनग्रॅम यांना प्रवाहांचं गणित त्यावर तपासून पाहता आलं.

उलट दिशेने मात्र अनिश्चितता वाढत जाते. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या एमएच ३७० विमानाच्या पंखाचा तुकडा २९ जुलै २०१५ रोजी रियुनियन बेटावर सापडला. मागे जाऊन मिळाला तो एक विस्तीर्ण पट्टा, एक बिंदू नव्हे. त्यातही वस्तूचा आकार महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी तसाच खरा तुकडा समुद्रात सोडला, तेव्हा तो वाऱ्याच्या डावीकडे कलून वाहतो असं आढळलं. आधीच्या गणितात हे नव्हतं.

१७. मग मुंबईतून समुद्रात टाकलेली बाटली कुठे जाईल?

महिना सांगा. जून ते सप्टेंबरमध्ये बहुधा ती आसपासच्याच किनाऱ्यावर परत येईल, कारण तरंगणाऱ्या वस्तूवर वारा आणि लाटा यांचा जोर प्रवाहापेक्षा जास्त चालतो. उधाणाच्या भरतीनंतर दादर-जुहूच्या वाळूवर काय येऊन पडतं ते सगळ्यांनी पाहिलंय. जी बाटली लांब निसटेल ती पावसाळी प्रवाहाबरोबर दक्षिणेला जाईल. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीसमोर बुडालं, तेव्हा त्यातले प्लास्टिकचे दाणे दक्षिणेला तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर लागले. हेच डिसेंबरमध्ये झालं असतं तर उत्तरेकडच्या किनाऱ्यांना जास्त काळजी करावी लागली असती (प्रश्न ११).

१८. मला स्वतः नकाशा करायचाय. डेटा कुठून घेऊ?

युरोपच्या कोपर्निकस मरीन सेवेवर नाव नोंदवलं की फुकट मिळतो. नासाचा ऑस्कर हा उपग्रह आणि वाऱ्यावरून काढलेला पृष्ठप्रवाहांचा संच सुरुवातीला पुरेसा आहे. ड्रिफ्टरच्या रेषा अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेकडे, हिंदी महासागरासाठी इन्कॉइस. फाइल बहुतेकदा नेटसीडीएफ स्वरूपात असते. ती नुसती पाहायला पॅनोप्ली, नकाशासाठी क्यूजीआयएस, आणि पायथन येत असेल तर एक्सअ‍ॅरे. आभासी कण सोडून मार्ग काढायचे असतील तर ‘पार्सल्स’ हे मोफत साधन आहे. कण शंभर सोडू नका, हजारो सोडा. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१९. दोन संकेतस्थळांवर एकाच दिवसाचे प्रवाह वेगळे दिसतात. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. ऑस्करचा बाण वरच्या ३० मीटरची सरासरी सांगतो, तर संगणकावर गणिताने काढलेल्या प्रतिमानातला बाण अगदी वरच्या थराचा असू शकतो. एकाची चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची, दुसऱ्याची अंशाच्या बाराव्या हिश्शाची, म्हणजे ९ किलोमीटरची. काहींत भरती-ओहोटी धरलेली असते, काहींत नसते. हे सगळं प्रत्येक संचाच्या माहितीपानावर लिहिलेलं असतं.

२०. माझ्या रेषा पॅसिफिकमध्ये अचानक नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या जातात. काय चुकलं?

रेषा १८० रेखांश ओलांडते तेव्हा +१७९.९ नंतर −१७९.९ येतं, आणि सॉफ्टवेअर दोन बिंदू जगाला वळसा घालून जोडतं. एकतर रेखांश ० ते ३६० असे करून घ्या (मग तोच त्रास ग्रीनिचवर येईल, पण पॅसिफिक अखंड राहील), किंवा रेषा तिथे तोडून दोन भाग करा.

प्रक्षेपणही विचार करून निवडा. मर्केटर प्रक्षेपणावर दक्षिण महासागर ताणला जातो आणि अंटार्क्टिकाभोवतीचा सर्वांत मोठा प्रवाह तळाशी सरळ पट्टा दिसतो. दक्षिण ध्रुव मध्यभागी घेतला की तोच वर्तुळ बनतो आणि तीनही महासागर त्याला जोडलेले दिसतात.

२१. आम्ही होडी घेऊन जातो. हे नकाशे खाडीत किंवा किनाऱ्याजवळ वापरता येतील का?

नाही. नऊ किंवा अठ्ठावीस किलोमीटरच्या चौकटीत दाभोळची किंवा धरमतरची खाडी दिसतच नाही. तिथे भरतीचं वेळापत्रक, उधाण-भांग आणि तुमच्या तांडेलाचा अनुभवच खरा. किनाऱ्यापासून लांब, साधारण दोनशे किलोमीटरपर्यंत पृष्ठप्रवाह मोजणारी रडार चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने देशाच्या काही किनाऱ्यांवर बसवली आहेत. मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना इन्कॉइस मराठीतही देतं, पण ती पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून काढलेली असते, प्रवाहाचा नकाशा म्हणून ती वाचू नका.

होडी भरकटली तर कुठे वाहत जाईल याचा अंदाज काढणारं ‘सारट’ हे साधन इन्कॉइसने २०१६ मध्ये तयार केलं. शोध घेणारे ते वापरतात. त्यात होडीचा प्रकार, शेवटची दिसलेली जागा आणि वेळ द्यावी लागते. म्हणून निघताना होडीचा प्रकार, कुठे जाणार आणि किती वाजता निघालात हे घरी कुणाला तरी लिहून देऊन जा. होडी वेळेत परतली नाही तर घरच्यांनी लगेच तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करून तो कागद वाचून दाखवायचा.